एकतर तुम्ही द्या, नाहीतर आम्हाला देऊ द्या : मराठी पुस्तकं, मालिका, गाणी ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठी पुस्तकं, मालिका, नाटकं आणि गाणी यांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत असे सगळे प्रकाशक, वाहिन्या, म्युझिक कंपन्या आणि सरकारी संग्रहांचे अधिकारी

स.न.वि.वि.

पत्र लिहायला कारण घडलं ते असं. गेल्या महिन्यात एका जुन्या मराठी मालिकेचे नेटवर असलेले सगळे भाग एका दिवसात गायब झाले. ते टाकले होते आमच्याच ग्रुपमधल्या एका काकांनी. मालिका चालू होती तेव्हा त्यांनी ती घरच्या व्हीसीआरवर टेप करून ठेवली होती, पुढे कॅसेटना बुरशी धरायला लागली तेव्हा पेन्शनमधले पैसे घालून त्या डिजिटल करून घेतल्या, आणि आपल्यासारखं अजून कुणाला बघायचं असेल तर बघू दे म्हणून टाकल्या. जाहिरात नाही, एक रुपयाची कमाई नाही. हक्क ज्या कंपनीकडे आहेत तिने कॉपीराइटची नोटीस दिली आणि भाग गेले. हक्क त्यांचे आहेत, नोटीस कायद्याला धरून आहे, त्यावर माझा वाद नाही. मी मेल करून एवढंच विचारलं की मग ही मालिका आता बघायची कुठे, तुमच्या अ‍ॅपवर येणार असेल तर आम्ही पैसे भरून बघू. उत्तर आलं, सध्या तसा विचार नाही.

त्याच आठवड्यात एका प्रकाशकांना फोन केला, एक कथासंग्रह बरीच वर्षं मिळत नाहीये त्याबद्दल. ते सभ्यपणे बोलले पण म्हणाले की त्याला मागणी नाही हो, परत काढणार नाही. मग मी विचारलं की आम्ही काही जण मिळून पन्नास प्रती स्वखर्चाने छापून घेऊ का, हक्काचे जे पैसे होतील ते देऊ, तर म्हणाले नाही, तसं देता येत नाही.

या दोघांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. हे एका कंपनीशी किंवा एका प्रकाशकाशी भांडण नाही, थोड्याफार फरकाने सगळीकडे हीच तऱ्हा आहे आणि म्हणून पत्र सगळ्यांना.

आधी आम्ही कोण ते सांगते. डोंबिवलीत आमचा एक छोटा ग्रुप आहे, महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. रेल्वेतून रिटायर झालेले ते काका, दोन शिक्षिका, एक कॉलेजातली मुलगी, एक जण आयटीतला, आणि न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर येणारी एक मावशी जिच्याकडे तेव्हा पहाट असते तरी ती एकदाही चुकवत नाही. नियम एकच, प्रत्येकाने आपल्या आवडीची अशी एक गोष्ट आणायची जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पुस्तक, मालिका, गाणं, नाटक, रेडिओवरची श्रुतिका, काहीही चालेल. पुलं-वपु आम्हालाही जीव की प्राण आहेत, पण त्यांच्याबद्दल बोलायला अख्खा महाराष्ट्र आहे, बाकीच्यांबद्दल कोण बोलणार?

आणि काय काय निघतं म्हणून सांगू! दि. बा. मोकाशींचंच बघा. पुण्यात रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय करणारा हा माणूस, त्याने 'पालखी' लिहिलं, ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालून. १९६४ सालचं पुस्तक. वारीवर लिहिलेलं आपण खूप वाचलेलं असतं, त्यात एकतर भक्तीचा पूर असतो नाहीतर लांबून बघणाऱ्याचा शहाणपणा असतो. मोकाशींकडे दोन्ही नाही. ते शहरी, शंका असलेला माणूस म्हणूनच चालतात, सोबतच्यांना प्रश्न विचारतात, मुक्कामाला जागा कुठे मिळणार, जेवणाचं काय, कोण कुणावर रुसलं हे सगळं टिपतात, आणि वाचता वाचता तुमच्या लक्षात येतं की पाय आपलेही दुखायला लागलेत. फिलिप एंगब्लॉम या अमेरिकन अभ्यासकाने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, १९८७ मध्ये तिकडच्या विद्यापीठाच्या प्रेसने ते छापलं. म्हणजे परदेशातली मुलं कोर्सला वाचणार, आणि आमच्या ग्रुपमधल्या शिक्षिकेने स्टाफरूममध्ये नाव काढलं तर दहातल्या नऊ जणांनी ऐकलेलंही नव्हतं. त्यांचीच 'आनंद ओवरी' घ्या. तुकारामांवरची कादंबरी, पण सांगतोय कोण, तर त्यांचा धाकटा भाऊ कान्हा. भाऊ संत झाला, गेला, आता मागे उरलेल्या घराचं काय, हे संताच्या नाही तर भावाच्या तोंडून. ही कादंबरी ज्या रविवारी वाचली त्या दिवशी काकांनी शेवटची पानं मोठ्याने वाचली आणि पुढे बराच वेळ आम्ही कुणी चहाला उठलोच नाही.

मग कमल देसाईंची 'हॅट घालणारी बाई', विलास सारंगांची 'एन्कीच्या राज्यात'. सारंग इराकमध्ये बसऱ्याला इंग्रजी शिकवायला होते, त्या अनुभवावर उभी राहिलेली १९८३ची कादंबरी. मराठी कादंबरी म्हणजे वाडा, चाळ नाहीतर गाव असं ज्यांना वाटतं त्यांनी ती वाचावीच. आमच्या आयटीवाल्याने ती दोन रात्रींत संपवली आणि तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात फोन करून विचारलं की हे आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं का नाही.

मालिकांमध्ये प्रतिमा कुलकर्णींची 'प्रपंच', १९९९ची, अल्फा मराठीवरची (म्हणजे आताची झी मराठी). (काकांची मालिका ती ही नव्हे, उगीच गैरसमज नको.) एकत्र कुटुंब, समुद्राकाठचं घर, सुधीर जोशी, आणि कुणीही आवाज न चढवता झालेली भांडणं. आज डेली सोप बघून कंटाळलेल्या कुणालाही मी पहिलं नाव हे सांगते. आणि त्याच नावाचा त्याच्या कितीतरी आधीचा मुंबई आकाशवाणीवरचा 'प्रपंच' आणि मग 'पुन्हा प्रपंच', टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत, म्हणजे बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी. न्यू जर्सीच्या मावशीला ते आवाज अजून पाठ आहेत, नक्कल करून दाखवते. 'बोक्या सातबंडे'सुद्धा दिलीप प्रभावळकरांनी आधी आकाशवाणीसाठी लिहिला आणि पुस्तकं नंतर आली, हे पुस्तकावर वाढलेल्या मुलांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही, आणि पुढचा प्रश्न असतो, मग तो ऐकायला कुठे मिळेल?

गाण्यांचं तर विचारूच नका. 'गोट्या' मालिकेचं 'बीज अंकुरे अंकुरे' नव्वदच्या दशकात लहान असलेल्या प्रत्येकाला येतं, संगीत अशोक पत्कींचं हेही पुष्कळांना माहीत असतं, पण ते शब्द मधुकर आरकडेंचे आहेत हे किती जणांना माहितीये? कृष्णा कल्लेंचं 'परिकथेतिल राजकुमारा' सगळे गुणगुणतात आणि गायिकेचं नाव विचारलं की भलतंच सांगतात. १९७८ मध्ये पुलंनी ब्रेख्त या जर्मन नाटककाराच्या नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' लिहिलं, पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने ते केलं, त्यात नंदू भेंडेंचा आवाज आहे, मराठीत रॉक कसं वाजू शकतं ते ऐकायचं असेल तर तिथे जायचं. वामनदादा कर्डक, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, १९२२चा जन्म, ज्यांची गाणी आंबेडकरी वस्त्यांमध्ये घराघरात आहेत, पिढ्यांनी वहीत उतरवून घेतलेली आहेत, आणि तरी 'मराठी गीतकार' अशी यादी कुणी केली की त्यात त्यांचं नाव नसतं. आमच्या ग्रुपमधल्या दुसऱ्या शिक्षिकेने आपल्या वडिलांची अशी वही आणली होती. निळ्या शाईने लिहिलेली गाणी, कडेला कुठल्या गावच्या कार्यक्रमात ऐकलं त्याचं नाव, दोन-तीन ठिकाणी शब्द खोडून बाजूला दुसरा लिहिलेला, कारण पुढच्या वेळी गायकाने तो वेगळा म्हटला होता. ही वही म्हणजे संपादन केलेला ग्रंथच आहे, फक्त तो कुणी छापलेला नाही.

इतकं सगळं सांगायचं कारण हे की आम्ही फुकट्या लोकांची टोळी नाही हे तुम्हाला कळावं. आमच्यात दुसरा नियम असा आहे की जे पुस्तक बाजारात मिळतं ते विकतच घ्यायचं, त्याची पीडीएफ कुणी मागायची नाही आणि कुणी द्यायची नाही. एखादं पुस्तक सगळ्यांना आवडलं की आठ-दहा प्रती एकदम मागवल्या जातात, भाच्यांना, मैत्रिणींना, मुलांच्या शिक्षकांना भेट जातात. म्हणजे तुमच्या ज्या पुस्तकाची वर्षभरात एखादी प्रत हलत असेल त्याच्या दहा प्रती आमच्यासारखे लोक एका रविवारात हलवतात. आणि असे ग्रुप नाशकात आहेत, कोल्हापुरात आहेत, बंगळुरूच्या मराठी मंडळींत आहेत. तुमच्या मार्केटिंगला जे जमलेलं नाही ते हे लोक आवडीने करतात, आणि तुम्ही त्यांना दारातून परत पाठवता.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी, 'मागणी नाही' हे उत्तर. जी गोष्ट दुकानात नाही, अ‍ॅपवर नाही, कुठल्या यादीत नाही, तिची मागणी तुम्ही मोजता कशी? माणूस दुकानात जातो, विचारतो, 'आउट ऑफ प्रिंट' ऐकतो आणि घरी जातो. त्या विचारण्याची नोंद कुठे होते? दुकानदार ती तुमच्यापर्यंत पोचवत नाही, तुम्ही त्याला विचारत नाही, आणि मग वीस वर्षांनी तुम्ही म्हणता की कुणी मागितलंच नाही. पूर्वी हजार प्रतींची आवृत्ती निघायची, आता बरेच जण पाचशेच काढतात, तेवढ्याही खपायची खात्री नसते, हे मला कळतं, कागद आणि गोदामाचं भाडं काय झालंय तेही कळतं. पण आता पाचशे छापायची गरजच कुठे राहिलीये? ऑर्डर आली की एक प्रत छापून देणारी यंत्रं पुण्या-मुंबईत आहेत, ई-बुकला तर गोदामही लागत नाही. अडचण पैशाची असेल तर तसं सांगा, आम्ही आगाऊ पैसे भरतो. पण 'मागणी नाही' म्हणू नका, मागणी तुमच्यासमोर फोनवर बोलत असते.

दुसरं, हक्क धरून ठेवायचे आणि वापरायचे नाहीत. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये स्वच्छ लिहिलंय की ज्याला हक्क दिले त्याने ते वर्षभरात वापरले नाहीत तर ते परत जातात, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची असंही त्यातच आहे. किती लेखकांच्या मुलांना, नातवंडांना हे माहीत असतं? लेखक गेल्यावर घरच्यांकडे एक जुना, अर्धवट करार असतो किंवा तोही नसतो, आणि प्रकाशक विचारलं की 'हक्क आमच्याकडे' म्हणतात. त्याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये अशीही सोय आहे की प्रकाशित झालेली कलाकृती मालक परत काढायला नकार देत असेल आणि त्यामुळे ती लोकांना मिळत नसेल तर कोर्टाकडून परवाना मागता येतो. आम्हाला कोर्टात जायचं नाहीये. एका कथासंग्रहासाठी वकील करायची वेळ वाचकावर का यावी? पण तुमच्या माहितीसाठी सांगते, कायद्याने तुमच्या हातात फक्त कुलूप दिलेलं नाही.

तिसरं, काढून टाकणं. काकांच्या मालिकेसारखं. मला इथे जरा लांबड लावावी लागेल कारण हा माझ्या दृष्टीने सगळ्यात दुखरा मुद्दा आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्या काळात व्हिडिओ टेप महाग होत्या, एका कार्यक्रमावर दुसरा रेकॉर्ड व्हायचा. रेडिओवर कितीतरी गोष्टी थेट प्रसारित व्हायच्या, एकदा वाजल्या की संपल्या. जगभर हे झालंय. इंग्लंडात बीबीसीने 'डॉक्टर हू' या मालिकेचे कितीतरी जुने भाग असेच पुसून टाकले. पण तिथल्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून घरी आवाज टेप केला होता, आणि आज त्या हरवलेल्या भागांचा आवाज शिल्लक आहे तो निव्वळ त्या पोरांमुळे. बीबीसीने काय केलं? त्यांना नोटिसा पाठवल्या नाहीत, त्या टेप घेतल्या, साफ केल्या आणि स्वतः प्रकाशित केल्या. आपल्याकडे एक म्हातारा माणूस बुरशी लागलेल्या कॅसेटमधून एक मालिका वाचवतो आणि तुमच्या मास्टर टेप शाबूत आहेत की नाही हे तुम्हीसुद्धा त्याला सांगत नाही. त्याच्या कॉपीमध्ये मध्येच साबणाची जाहिरात येते, एका भागात लाइट गेल्यामुळे चार मिनिटं नाहीत, खाली पट्टीवर निवडणुकीचे निकाल सरकत असतात. मला विचाराल तर तेही ठेवायला हवं, त्या वर्षी लोकांनी मालिका कशी बघितली ते त्यात आहे. भाग नेटवरून काढले त्या रात्री काकांनी मला विचारलं, 'मी माझ्याकडच्या फायली पण पुसायच्या का?' त्यांना खरंच वाटलं होतं की पोलीस येतील. आयुष्यभर तिकीट काढून प्रवास केलेल्या आणि लोकांची तिकिटं तपासलेल्या माणसाला तुमच्या एका छापील नोटिशीने असं वाटायला लावलं.

चौथं, नावं. गाण्याच्या अ‍ॅपवर गायकाचं नाव असतं, कधी तेही चुकीचं, गीतकाराचं बहुतेक वेळा नसतं, संगीतकाराचं असलं तर नशीब. आमच्या कॉलेजवाल्या मुलीला कृष्णा कल्लेंचं एक गाणं चक्क दुसऱ्या गायिकेच्या नावावर सापडलं. वर्ष तर हमखास चुकीचं, कारण रेकॉर्ड निघाली ते वर्ष न टाकता सीडी किंवा अपलोडचं वर्ष टाकलेलं असतं, त्यामुळे साठच्या दशकातलं भावगीत २००७चं दिसतं. अल्बमचं नाव काय, तर कुठलातरी संग्रह भाग तीन. गाणं कुठल्या नाटकातलं, कुठल्या सिनेमातलं, पत्ताच नाही. कृष्णा कल्लेंची मातृभाषाही मराठी नव्हती, तरी त्यांनी आयुष्य या गाण्यांना दिलं, आणि आपण नावही नीट लिहू शकत नाही? कायद्यात कलम ५७ आहे, कलाकृती आपली आहे हे सांगायचा कर्त्याचा हक्क, तो हक्क विकल्यावरसुद्धा त्याच्याकडेच राहतो. पैशाचा प्रश्न यात नाही. एका माणसाने महिनाभर बसून जुन्या रेकॉर्डच्या वेष्टनांवरून नावं भरायची एवढंच काम आहे. नेटवर हौशी मंडळींनी हजारो मराठी गाण्यांचे शब्द, गीतकार, संगीतकार, राग यांची नोंद वर्षानुवर्षं पदरमोड करून ठेवलेली आहे. तुम्हाला ती बघून दुरुस्त करायची आहे, बस.

अजून एक, ज्याकडे कुणाचंच लक्ष नाही, ते म्हणजे दिवाळी अंक आणि मासिकं. १९०९च्या 'मनोरंजन'पासून आपण दिवाळी अंकांचा अभिमान सांगतो. किती कथा अशा आहेत ज्या फक्त एका दिवाळी अंकात आल्या आणि पुस्तकात कधीच आल्या नाहीत? अंतरकरांच्या 'नवल' मासिकातल्या गूढकथा शोधत आमच्यातले दोघं रद्दीवाल्यांकडे फिरतात. 'सत्यकथा' मासिक १९८२ मध्ये बंद झालं. वाचनालयांमध्ये हे अंक असतात पण पानं हात लावला की तुटतात, त्यामुळे ते द्यायला नको म्हणतात आणि त्यांचंही बरोबर आहे.

आणि हे होऊ शकत नाही असं कृपा करून सांगू नका, कारण झालेलं आहे. बालभारतीने 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक स्कॅन करून सगळ्यांना फुकट वाचायला ठेवले. साहित्य संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं नेटवरून उतरवून घेता येतात. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ जुने ग्रंथ उपलब्ध करून दिलेत. सरकारी संस्थांना जे जमलं ते खासगी प्रकाशकांना आणि मोठमोठ्या कंपन्यांना का जमू नये? मी स्वतः लहानपणी वाचलेला 'किशोर'चा एक अंक तिथे काढून माझ्या पुतण्याला दाखवला, त्याला त्यातलं कोडं आवडलं, चित्रं आवडली, अंक किती जुना आहे याचं त्याला काही देणंघेणं नव्हतं. चांगली गोष्ट जुनी असते म्हणून कुणी टाकत नाही, ती सापडत नाही म्हणून मागे पडते.

तेव्हा आमच्या मागण्या सरळ लिहिते.

सगळ्यात आधी यादी द्या. तुमच्याकडे कुठल्या पुस्तकांचे, मालिकांचे, गाण्यांचे हक्क आहेत, त्यातलं काय शाबूत आहे, काय खराब झालंय, काय हरवलंय, ते जाहीर करा. हरवलं असेल तर हरवलं म्हणा, कुणी तुम्हाला फाशी देणार नाही, पण कळलं तर आपापल्या माळ्यावर शोधणारे आमच्यासारखे शेकडो लोक आहेत. गीतरामायणाचं उदाहरण घ्या. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं तेव्हा गाणी वेगवेगळ्या गायकांनी गायली होती, माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते. घरोघरी जे पोचलं ते बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातलं, तेही अमूल्यच आहे, पण ज्यांना फक्त तेच माहीत आहे त्यांना दुसरं होतं हे कळणार कसं? ते यादीमुळेच कळतं.

प्रकाशकांना : जे पुस्तक तीन वर्षं बाजारात नाही ते मागणीनुसार छापून द्या किंवा ई-बुक काढा. दोन्ही करायचं नसेल तर हक्क लेखकाला किंवा त्याच्या वारसांना लेखी परत करा, म्हणजे ज्याला काढायचं असेल तो काढेल.

वाहिन्या आणि कंपन्यांना : जी गोष्ट तुम्ही स्वतः कुठेच देत नाही, ती कुणी पैसे न कमावता टाकली असेल तर नोटीस देण्याआधी त्या माणसाला एक साधा मेल करा. त्याची कॉपी तुमच्यापेक्षा चांगली आहे का ते विचारा. हवी असेल तर घ्या, त्याचं नाव द्या, आणि मग तुमच्या अ‍ॅपवर लावा, आम्ही तिथे येऊन बघू. आणि काकांना एक पत्र पाठवा की फायली पुसू नका. नोटीस ज्या कंपनीने दिली तिला हे पत्र वाचल्यावर कळेल मी कुणाबद्दल बोलतेय.

म्युझिक कंपन्यांना : प्रत्येक गाण्याखाली गीतकार, संगीतकार, गायक, मूळ वर्ष आणि मूळ नाटक-सिनेमा-मालिका. चूक दाखवली तर ती दुरुस्त करायला एक माणूस, ज्याच्याकडून उत्तर येतं असा एक मेल आयडी.

सरकारला : ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले, आम्हीही वाटले. आता त्या नावाने जो काही निधी येईल त्यातला काही भाग विसाव्या शतकाला द्या. अभिजात म्हणजे फक्त ताम्रपट नव्हेत. मुंबई, पुणे, नागपूर, सांगली, रत्नागिरी, परभणी, जळगाव, सगळ्या आकाशवाणी केंद्रांमध्ये काय टेप पडून आहेत ते केंद्र सरकारशी बोलून तपासून घ्या. दिवाळी अंकांचं स्कॅनिंग वाचनालयांच्या मदतीने करा. कायद्यात सार्वजनिक वाचनालयाला आपल्याकडच्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा आहे, बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीन प्रती काढायचीही आहे, पण ग्रंथपाल घाबरतात कारण त्यांना लेखी कुणी सांगत नाही. ग्रंथालय संचालनालयाने एक परिपत्रक काढलं तरी पुष्कळ होईल. १९५४च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत मुंबईच्या आणि कोलकात्याच्या ग्रंथालयात द्यावी लागते, म्हणजे स्कॅन करायला मूळ प्रत कुठे शोधायची हाही प्रश्न बऱ्याच पुस्तकांच्या बाबतीत नाही.

यातलं सगळं एका वर्षात होणार नाही हे मला माहितीये. पण यादी तीन महिन्यांत होऊ शकते, नावं सहा महिन्यांत दुरुस्त होऊ शकतात, आणि काकांना पत्र उद्या जाऊ शकतं.

मनुष्यबळ नाही असं तुमचं म्हणणं असेल तर आम्ही येतो. आमच्यातल्या दोघांना स्कॅनिंग येतं, शिक्षिका प्रुफं तपासतील, आयटीवाला याद्या करून देईल, काकांकडे व्हीसीआर अजून चालू आहे. शनिवार-रविवार आम्ही मोकळे असतो आणि डोंबिवलीहून दादरला किंवा पुण्याला यायला आमची हरकत नाही. कुठल्या शनिवारी यायचं तेवढं कळवा.

आपली,
एक वाचक, प्रेक्षक आणि श्रोती
डोंबिवली पूर्व